नेटवर्कवर गर्दी झाली की आधी कोणाचा नंबर? सॉफ्टवेअर डिफाइन्ड नेटवर्कमध्ये ‘क्यूओएस’ कसं बसवतात, समजून घ्या

घरात एकाच वाय-फायवर एक जण ऑफिसचा व्हिडिओ कॉल करतोय आणि दुसऱ्याने मोबाइलमधले सगळे फोटो क्लाउडवर चढवायला लावले, की काय होतं हे अनेकांनी अनुभवलंय. कॉलचा आवाज तुटतो, समोरचा चेहरा गोठतो. फोटो मात्र निवांत चढत राहतात. खरं तर त्यांना दोन मिनिटं उशीर झाला असता तरी काही बिघडलं नसतं. पण नेटवर्कला हा फरक आपोआप कळत नाही. त्याच्या लेखी दोन्हीकडची पॅकेट्स सारखीच.

हा फरक नेटवर्कला शिकवण्याच्या पद्धतीला ‘क्वालिटी ऑफ सर्व्हिस’ म्हणतात. तांत्रिक मंडळींच्या तोंडी ते ‘क्यूओएस’ असतं. पूर्वी हे प्रत्येक राउटरला आणि स्विचला वेगवेगळं शिकवावं लागायचं. ‘सॉफ्टवेअर डिफाइन्ड नेटवर्किंग’ म्हणजे ‘एसडीएन’ आल्यापासून ते एका जागी बसून करता येतं. हे नेमकं कसं करतात, त्यात चुका कुठे होतात आणि ‘आधी कोण’ हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, ते पाहूया.

क्यूओएस म्हणजे नेमकं काय?

एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. क्यूओएसमुळे इंटरनेटचा वेग वाढत नाही. टोल नाक्यावर चारच बूथ असतील तर कितीही नियम केले तरी पाचवा बूथ तयार होत नाही. नियमांनी फक्त एवढंच ठरतं, की गर्दी झाल्यावर कोणाला आधी सोडायचं आणि कोणाला थांबवायचं. म्हणजे क्यूओएस हे थांबण्याचं वाटप आहे.

नेटवर्कची सेवा चांगली की वाईट हे मुख्यतः चार गोष्टींवरून ठरतं. एका सेकंदात किती डेटा जातो ती बँडविड्थ. पॅकेट पोहोचायला किती वेळ लागतो ती लेटन्सी. हा वेळ किती कमी-जास्त होतो तो जिटर. आणि वाटेत किती पॅकेट्स गळतात तो पॅकेट लॉस. फाइल डाऊनलोडला बँडविड्थ लागते, उशीर चालतो. फोन कॉलचं उलटं आहे. त्याला बँडविड्थ अगदी थोडी पुरते, पण उशीर चालत नाही.

आकड्यांत पाहिलं तर हे जास्त स्पष्ट होतं. जी.७११ या जुन्या आणि सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत आवाज ६४ केबीपीएसने पाठवला जातो. सेकंदाला ५० पॅकेट्स आणि प्रत्येकावर पत्त्याचं वेष्टन धरलं, की एका दिशेला साधारण ८० केबीपीएस होतात. म्हणजे २० कॉल एकाच वेळी चालले तरी लागतात १.६ एमबीपीएस. १० एमबीपीएसच्या लाइनला हे काहीच नाही.

मग आवाज तुटतो का? रांगेमुळे. स्विचमध्ये बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पोर्टपाशी पॅकेट्सची रांग असते. समजा त्या रांगेत १,००० पॅकेट्स मावतात आणि मोठ्या फाइलच्या १,५०० बाइट्सच्या पॅकेट्सनी ती भरली आहे. हा सगळा डेटा झाला १ कोटी २० लाख बिट. १० एमबीपीएसच्या लाइनवरून तो बाहेर पडायला १.२ सेकंद लागतात. नेमकं तेव्हाच आलेलं आवाजाचं पॅकेट शेवटी उभं राहतं आणि १.२ सेकंदांनी सुटतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार बोलणं सहज वाटायला एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत हवा. म्हणजे लाइन पुरेशी असूनही कॉल वाया जातो, कारण रांग एकच आहे.

जुन्या पद्धतीची अडचण काय होती?

हा प्रश्न नवा नाही. १९९४ मध्ये ‘इंटिग्रेटेड सर्व्हिसेस’ नावाची कल्पना मांडली गेली. प्रत्येक संवादासाठी वाटेतल्या सगळ्या राउटर्सनी आधीच जागा राखून ठेवायची, रेल्वेच्या रिझर्व्हेशनसारखी. पण इंटरनेटवर एकाच वेळी लाखो संवाद चालतात. त्या प्रत्येकाची नोंद प्रत्येक राउटरने ठेवणं जमेना.

१९९८ मध्ये ‘डिफरन्शिएटेड सर्व्हिसेस’ ही सुटसुटीत पद्धत आली. प्रत्येक पॅकेटच्या वेष्टनावर ६ बिटांचा शिक्का मारायचा. त्याला ‘डीएससीपी’ म्हणतात. ६ बिट म्हणजे ० ते ६३ असे ६४ शिक्के. आवाजासाठी ४६ हा आकडा रूढ झाला. राउटरने संवाद लक्षात ठेवायचा नाही, फक्त शिक्का पाहून योग्य रांगेत टाकायचं.

ही पद्धत आजही सगळीकडे आहे. अडचण वेगळीच आहे. त्या शिक्क्याचा अर्थ प्रत्येक यंत्राला स्वतंत्र शिकवावा लागतो. २०० स्विच असतील तर २०० ठिकाणी सेटिंग, त्यात वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं आणि प्रत्येकाची भाषा निराळी. एखाद्या स्विचवर सेटिंग राहून गेलं, की आधीच्या सगळ्या स्विचनी सांभाळून आणलेला कॉल तिथे सामान्य रांगेत पडतो. आणि कुठे राहून गेलं ते शोधायला दिवस जातो.

एसडीएनने काय बदललं?

पारंपरिक स्विच दोन कामं करतो. पॅकेट कुठे पाठवायचं ते ठरवतो आणि ते पाठवतो. एसडीएनमध्ये ठरवण्याचं काम त्याच्याकडून काढून ‘कंट्रोलर’ नावाच्या सॉफ्टवेअरकडे दिलं जातं. स्विच उरतो हुकमाचा ताबेदार. कंट्रोलरला मात्र पूर्ण नेटवर्कचा नकाशा दिसतो.

कंट्रोलरने स्विचला हुकूम द्यायचा तर दोघांची भाषा एक हवी. ‘ओपनफ्लो’ ही अशी भाषा २००८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातले निक मकिओन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. तिचं सूत्र साधं आहे: ‘अशा खुणेचं पॅकेट आलं, तर असं कर.’ असे नियम स्विचच्या तक्त्यात बसतात. या नियमांना ‘फ्लो’ नियम म्हणतात.

क्यूओएससाठी ओपनफ्लोकडे दोन मुख्य साधनं आहेत. पहिलं, रांग म्हणजे ‘क्यू’. नियमात सांगता येतं, की हे पॅकेट १ नंबरच्या रांगेत टाक. दुसरं, ‘मीटर’. हे २०१२ च्या १.३ आवृत्तीत आलं. एखाद्या प्रवाहाचा वेग ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला, की मीटर जादा पॅकेट्स टाकून देतो किंवा त्यांचा शिक्का खालच्या दर्जाचा करतो. रांग ही बाहेर पडण्याच्या दारावर असते, मीटर आत येताना लागतो.

प्रत्यक्षात बसवतात कसं?

एक साधं उदाहरण घेऊ. एका संस्थेची १० एमबीपीएसची लाइन आहे. तिच्यावर फोन कॉल, हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि रोजचा बॅकअप चालतो. स्विच म्हणून ‘ओपन व्ही-स्विच’ हे मोफत सॉफ्टवेअर वापरलं आहे.

पायरी १: कोणाला काय लागतं ते लिहून काढा. २० कॉल म्हणजे १.६ एमबीपीएस, थोडी सूट धरून २. हिशेबाच्या सॉफ्टवेअरला ३. बॅकअपला उरेल ते. हे काम संगणकावर नाही, कागदावर होतं. आणि इथेच खरा निर्णय होतो, कारण कोणाचं काम थांबलं तर चालेल हे याच वेळी ठरतं.

पायरी २: रांगा तयार करा. इथे बरेच जण अडखळतात. ओपनफ्लो पॅकेटला रांगेत टाकू शकतं, पण रांग तयार करू शकत नाही. रांगा वेगळ्या मार्गाने बांधाव्या लागतात. ओपन व्ही-स्विचमध्ये हे काम ‘ओव्हीएसडीबी’ या पद्धतीने होतं. तिथे पोर्टला क्यूओएसचा प्रकार सांगायचा, बहुतेक वेळा लिनक्समधला ‘एचटीबी’, आणि प्रत्येक रांगेला दोन आकडे द्यायचे. गर्दीतही हमखास मिळेल तो किमान वेग आणि कधीच ओलांडता येणार नाही तो कमाल वेग. उदाहरणात १ नंबरची रांग कॉलसाठी, किमान २ एमबीपीएस. २ नंबरची हिशेबासाठी, किमान ३. शून्य नंबरची रांग बाकी सगळ्यांसाठी. नियमात रांग सांगितली नसेल तर पॅकेट शून्य नंबरलाच जातं.

पायरी ३: एकूण कमाल वेग लाइनपेक्षा जरा कमी ठेवा. १० ऐवजी ९.५ एमबीपीएस. हे उलटं वाटतं, पण कारण पक्कं आहे. पूर्ण १० ठेवले, तर रांग तुमच्या स्विचमध्ये न साचता पुढच्या मोडेममध्ये साचते. त्या मोडेमला तुमचे नियम माहीत नसतात. रांग आपल्या ताब्यात हवी असेल तर ती आपल्याच दारात लागली पाहिजे.

पायरी ४: फ्लो नियम लिहा. ‘डीएससीपी ४६ असलेलं पॅकेट आलं, तर १ नंबरची रांग लाव आणि बाहेरच्या पोर्टवर पाठव.’ क्रम महत्त्वाचा आहे. आधी रांग, मग पोर्ट. पॅकेट एकदा पोर्टकडे रवाना झाल्यावर लावलेल्या रांगेचा उपयोग नाही. हे नियम ‘र्यू’सारख्या कंट्रोलरमधून सगळ्या स्विचवर एकदम धाडता येतात.

पायरी ५: मुद्दाम गर्दी करून पाहा. लाइन रिकामी असताना सगळंच नीट चालतं, त्यामुळे रिकाम्या लाइनवरची चाचणी काही सांगत नाही. ‘आयपर्फ’ या साधनाने लाइन भरून टाकायची आणि मग कॉलचा जिटर आणि गळती मोजायची. स्विच प्रत्येक रांगेतून किती पॅकेट्स गेली ते सांगतो. १ नंबरच्या रांगेचा आकडा शून्यावरच असेल तर नियम जुळतच नाहीये, मग रांग कितीही चांगली बांधलेली असो. शिकणाऱ्यांसाठी ‘मिनीनेट’ हे सॉफ्टवेअर एका लॅपटॉपवर अख्खं नेटवर्क उभं करून देतं. खऱ्या यंत्रांना हात लावण्याआधी तिथे सराव करता येतो.

हमखास होणाऱ्या चुका

शून्यांची चूक. ओपन व्ही-स्विचमध्ये वेग बिट प्रति सेकंदात लिहायचा असतो. २ एमबीपीएस म्हणजे २०,००,०००. एक शून्य कमी पडलं तर ते २ लाख होतात आणि तेवढ्यात फक्त दोन कॉल मावतात. तोच आकडा कमाल वेग म्हणून लिहिला असेल तर तिसऱ्या कॉलपासून सगळ्यांचा आवाज तुटतो.

‘प्रायॉरिटी’ या शब्दाचा घोळ. फ्लो नियमालाही प्रायॉरिटी असते आणि रांगेलाही. नियमाची प्रायॉरिटी सांगते की दोन नियम जुळले तर कोणता मानायचा, आणि तिथे मोठा आकडा जिंकतो. रांगेची प्रायॉरिटी सांगते की उरलेली बँडविड्थ आधी कोणाला द्यायची, आणि एचटीबीमध्ये तिथे लहान आकडा जिंकतो. शब्द एक, अर्थ दोन आणि दिशा उलट.

हमींची बेरीज. ९.५ एमबीपीएसच्या वाटेवर तीन रांगांना प्रत्येकी ५ एमबीपीएसची हमी लिहिता येते. पण गर्दीच्या वेळी ती पाळली जात नाही. हमी द्यायची तर बेरीज लाइनच्या आतच बसली पाहिजे.

शिक्क्यावर आंधळा विश्वास. डीएससीपीचा शिक्का पाठवणारा संगणक स्वतःच मारतो. कोणीही आपल्या डाऊनलोडवर ४६ लिहू शकतो. म्हणून नेटवर्कच्या प्रवेशद्वारापाशीच शिक्के तपासून, गरज असेल तर बदलून पॅकेट आत घ्यायचं.

एकाच दिशेचा बंदोबस्त. रांग फक्त बाहेर जाणाऱ्या डेटाला लागते. बाहेरून येणाऱ्या डेटाची रांग पलीकडच्या टोकाला, म्हणजे सेवा देणाऱ्या कंपनीकडे साचते. दोन्ही टोकं ताब्यात नसतील तर अर्धाच प्रश्न सुटतो.

गुगलने हे मोठ्या प्रमाणावर कसं केलं?

एसडीएन आणि क्यूओएस एकत्र आल्यावर काय साधतं, याचं सर्वात गाजलेलं उदाहरण म्हणजे गुगलचं ‘बी-फोर’ नेटवर्क. जगभरातली गुगलची डेटा सेंटर्स एकमेकांना जोडणारं हे खासगी जाळं. २०१३ मध्ये हाँगकाँगला झालेल्या ‘सिगकॉम’ परिषदेत कंपनीच्या अभियंत्यांनी त्याची माहिती जाहीर केली.

अशा लांब पल्ल्याच्या लाइन्स फार महाग असतात. तरीही त्या साधारण ३० ते ४० टक्केच वापरायच्या, अशी रीत होती. उरलेली जागा बिघाड आणि अचानक गर्दीसाठी राखून ठेवायची, कारण सगळाच डेटा सारखा महत्त्वाचा मानला जायचा.

गुगलने डेटाचे तीन गट केले. पहिला, ईमेल आणि दस्तऐवजांसारख्या वापरकर्त्यांच्या डेटाच्या प्रती. दुसरा, लांबच्या डेटा सेंटरमधल्या साठ्यातून लागणारा डेटा. तिसरा, अनेक केंद्रांतली माहिती एकसारखी ठेवण्यासाठी ढकलला जाणारा प्रचंड डेटा. पहिल्याचं आकारमान सर्वात कमी आणि महत्त्व सर्वात जास्त. तिसऱ्याचं आकारमान सर्वात मोठं, पण तो थांबू शकतो.

हा तिसरा गट थांबू शकतो, हेच सगळ्याचं मर्म. एखादी लाइन तुटली की त्याला थांबवायचं आणि पहिल्याला वाट द्यायची. मग जागा रिकामी राखण्याची गरजच उरत नाही. मध्यवर्ती सॉफ्टवेअर सगळ्या केंद्रांची मागणी पाहून डेटा वेगवेगळ्या वाटांवर विभागतं आणि कोणी किती पाठवायचं हे नेटवर्कच्या कडेलाच आवरतं. परिणामी अनेक लाइन्स जवळजवळ १०० टक्के भरून चालल्या. सगळ्या लाइन्सची दीर्घकालीन सरासरी ७० टक्क्यांवर गेली.

आणि ते कोलमडलं कसं?

याच शोधनिबंधात अभियंत्यांनी एका मोठ्या बिघाडाची कहाणीही मोकळेपणाने सांगितली आहे. सर्वात मोठ्या केंद्रातली अर्धी यंत्रं दुसऱ्या जागी हलवण्याचं नियोजित काम सुरू होतं. एका नव्या स्विचला हाताने ओळख क्रमांक देताना चुकून दुसऱ्या स्विचचाच क्रमांक दिला गेला.

दोन स्विच एकाच नावाने नेटवर्कचे दोन वेगळे नकाशे सांगू लागले. ‘नकाशा बदलला’ असे निरोप सगळीकडे धावू लागले. कंट्रोलर आणि स्विच यांच्यातली निरोपांची वाट अरुंद होती. तिथे साचलेली रांग एका क्षणी ४०० मेगाबाइट्सच्या वर गेली. याच रांगेत ‘मी चालू आहे’ असं शेजाऱ्याला कळवणारे छोटे निरोपही अडकले. ते वेळेत पोहोचले नाहीत, म्हणून शेजारच्या स्विचनी त्या जोडण्या बंद पडल्या असं मानलं आणि लांबच्या केंद्रांशी असलेला संपर्क तुटत गेला.

नीट पाहिलं तर ही घरातल्या व्हिडिओ कॉलचीच गोष्ट आहे. लहान आणि तातडीचं पॅकेट मोठ्या गर्दीमागे अडकलं. फरक एवढाच, की इथे अडकले ते नेटवर्क चालवणारे निरोपच. म्हणून क्यूओएस बसवताना पहिली राखीव रांग वापरकर्त्याच्या डेटाला नाही, तर नेटवर्कच्या स्वतःच्या निरोपांना द्यावी लागते.

‘आधी कोण’ हे ठरवायचं कोणी?

एका जागेवरून हजारो यंत्रांवर अग्रक्रम बदलता येतो, तेव्हा तो बदलणाऱ्याच्या हाती मोठी ताकद येते. संस्थेच्या स्वतःच्या नेटवर्कमध्ये बॅकअपपेक्षा कॉलला आधी सोडणं हा तिचा घरगुती प्रश्न आहे. पण लाखो ग्राहकांना इंटरनेट देणाऱ्या कंपनीने पैसे घेऊन एका व्हिडिओ ॲपला वेगाची रांग दिली आणि दुसऱ्याला मागे ठेवलं तर? तंत्र तेच, दोन ओळींचा नियम. पण बाजारात कोण टिकणार हेही त्यातून ठरू शकतं.

म्हणून भारतात यासाठी नियम आहेत. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ‘ट्राय’ने वेगवेगळ्या मजकुरासाठी वेगवेगळे डेटा दर लावायला मनाई केली. फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ योजना त्यामुळेच भारतात थांबली. त्यानंतर ट्रायच्या नोव्हेंबर २०१७ च्या शिफारशी केंद्राच्या दूरसंचार विभागाने जुलै २०१८ मध्ये मान्य केल्या. त्यानुसार सेवा देणाऱ्या कंपन्यांना एखादा मजकूर अडवता येत नाही, मुद्दाम संथ करता येत नाही किंवा पक्षपाताने वेगवान करता येत नाही. गर्दीच्या वेळी केलेलं वाजवी नियोजन, आपत्कालीन सेवा आणि काही विशेष सेवा यांना सूट आहे. म्हणजे क्यूओएसला बंदी नाही, क्यूओएसच्या आडून होणाऱ्या भेदभावाला आहे.

थोडक्यात

क्यूओएस नवी बँडविड्थ देत नाही, असलेल्या बँडविड्थमध्ये कोणी थांबायचं ते ठरवतं. एसडीएनमुळे हा निर्णय एका जागी, एकदाच लिहिता येतो आणि सगळीकडे सारखा लागू होतो. याच कारणाने तिथली चूकही सगळीकडे पोहोचते. म्हणून चांगली सुरुवात स्विचपासून होत नाही. ती एका यादीपासून होते: कोणाचं काम एक सेकंदही थांबू शकत नाही आणि कोणाचं सकाळपर्यंत थांबलं तरी चालेल. ही यादी प्रामाणिकपणे झाली, तर उरलेलं काम नियम लिहिण्याचं आणि ते गर्दीत तपासून पाहण्याचं.